प्राणहितेखालचा सांधा

चंद्रपूरच्या भूगर्भाची चर्चा कोळशापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा कोळशापाशीच थांबते. वरोरा, माजरी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा अशी खाणींची ओळ वर्धा नदीच्या अंगाने आग्नेयेकडे जाते. पुढे चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता झाली, की त्याच कुळातले गाळाचे खडक तिच्या काठाकाठाने सिरोंच्यापर्यंत आणि तिथून गोदावरीच्या खोऱ्यात उतरतात. पूर्वेला एटापल्ली-भामरागडच्या डोंगरांत मात्र खडक पार बदलतो. तिथे ग्रॅनाइट आहे, पट्टिताश्म आहे आणि सुरजागडसारखे लोहखनिजाचे पट्टे आहेत. नकाशावर हे पाहिले, की वाटते, गाळ साठायला एक लांबट खोलगट जागा मिळाली, त्यात जंगले गाडली गेली आणि कोळसा झाला, एवढीच ती गोष्ट. या लेखाचे म्हणणे असे, की ती जागा योगायोगाने खोलगट झाली नाही. पश्चिमेचा धारवाड खंड आणि पूर्वेचा बस्तर खंड, असे पृथ्वीच्या कवचाचे दोन अतिप्राचीन तुकडे जिथे एकमेकांना जोडले गेले, त्या सांध्यावर ही दरी आहे. तो सांधा पुढे पुन्हापुन्हा उघडला आणि कोळसा ही त्यातल्या एका उघडण्याची खूण आहे. नुसते वरचे खडक पाहून हे ठरवता आले नसते. त्यासाठी खोलवरची मोजणी लागली, आणि त्या मोजणीची सुरुवात या जिल्ह्यांपासून फार लांब झालेली नाही.

20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला विल्यम लॅम्बटनचा मृत्यू झाला. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो प्रमुख होता आणि दक्षिणेपासून मोजत आणलेला रेखांशाचा महाकंस घेऊन नागपूरकडे निघाला होता. अर्धवट राहिलेले काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. तिथे हिशेबात एक फरक निघाला. कल्याणपूर आणि कालियाना या दोन ठाण्यांमधले अंतर त्रिकोण मोजून काढले तर एक येई आणि ताऱ्यांवरून अक्षांश काढले तर दुसरे. फरक 5.236 विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे 160 मीटरचा होता. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांना वाटले, की हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा आपल्याकडे ओढला असणार. त्यांनी ती ओढ गणिताने काढली तेव्हा ती 15.885 विकला भरली, म्हणजे प्रत्यक्ष फरकाच्या तिप्पट. डोंगर दिसतो तेवढा ओढत नव्हता. 1855 मध्येच जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवले, की पाण्यावर तरंगणारा ओंडका जेवढा वर दिसतो त्याहून अधिक खाली बुडालेला असतो, तसे पर्वताचे हलके मूळ खालच्या जड थरात खोल गेलेले असावे. प्रॅट यांनी पुढे निराळा तोडगा काढला. त्यांच्या मते मुळाची खोली सगळीकडे सारखीच, पण पर्वताखालचा खडकच कमी घनतेचा. कवचाच्या खोल रचनेचा विचार असा हिंदुस्थानातल्या मोजणीतून जन्मला. त्याचबरोबर या शास्त्राची कायमची अडचणही त्याच वर्षांत उघड झाली. माप एकच असते, पण त्याला लागू पडणारी चित्रे दोन असू शकतात.

ही अडचण पुढेही सुटली नाही. 1865 पासून सर्वेक्षण खात्याने लंबक घेऊन ठिकठिकाणी गुरुत्व मोजायला सुरुवात केली. लंबकाचा झोका किंचित सावकाश पडला तर खाली हलका खडक, किंचित जलद पडला तर जड खडक, असे त्यामागचे तत्त्व. हे काम करणारा जेम्स बासेवी 1871 मध्ये लडाखच्या उंच पठारावर मोजणी करतानाच मरण पावला. जमलेल्या आकड्यांवरून 1901 मध्ये सिडनी बरार्ड यांनी मांडले, की मध्य हिंदुस्थानाच्या पोटात हिमालयाला समांतर अशी जड खडकाची एक गुप्त रांग आहे. वर तिचा मागमूस नाही, पण ओळंबा तिच्याकडे झुकतो. पुढे आर. डी. ओल्डहॅम यांनी 1917 मध्ये याच आकड्यांची छाननी भूशास्त्राच्या अंगाने केली. बरार्ड यांच्या रांगेचे तपशील टिकले नाहीत, पण त्यामागचे निरीक्षण टिकले. द्वीपकल्पाचे कवच एकजिनसी नाही, आणि जमिनीवरचे उंचसखलपण पाहून खालचा जडहलकेपणा ओळखता येत नाही.

लंबकाच्या मोजणीच्या त्याच काळात चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, दुसऱ्या पद्धतीचे काम चालले होते. टी. डब्ल्यू. एच. ह्यूजेस यांनी वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा वृत्तांत 1877 मध्ये आणि विल्यम किंग यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्याचा वृत्तांत 1881 मध्ये छापला. पायी हिंडून, हातोडीने खडक फोडून केलेले हे नकाशे इतके चोख होते, की नंतरच्या पिढ्यांनी त्यांच्यावरच भर घातली. पण नकाशावरचा रंग खोली सांगत नाही, याचा धडा याच जिल्ह्याने दिला. लोहाऱ्याची लोखंडाची टेकडी प्रसिद्ध होती. 1882 मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाच्या धंद्यावर अहवाल लिहिला. तो वाचून जमशेटजी टाटांना लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांवर पोलादाचा कारखाना काढायची कल्पना सुचली. कोळसा जर्मनीत तपासला तर तो कामाचा निघाला नाही. 1903-04 मध्ये दोराबजी टाटा आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी चांद्याचे रान पालथे घातले, पण मोठ्या कारखान्याला पुरेल असा साठा मिळाला नाही. बेत सोडायच्या विचारात असताना नागपूरच्या संग्रहालयातल्या भूशास्त्रीय नकाशावर दोराबजींना दुर्ग जिल्ह्यातले लोहखनिज दिसले, आणि त्यातून दल्ली-राजहराच्या डोंगरांकडे लक्ष गेले. पुढे कारखाना साकचीला उभा राहिला ते प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे, पण तो वेगळा विषय. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की वर दिसणारी टेकडी खाली किती जाते, हे टेकडी सांगत नाही. शंभर-दोनशे मीटर खोलीच्या प्रश्नाची ही तऱ्हा, तर चाळीस किलोमीटरच्या प्रश्नाची काय असेल!

तो प्रश्न या खोऱ्यापुरता नेमका मांडला गेला तो गुरुत्वमापनाने. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था 1961 मध्ये स्थापन झाली. तोवर लंबकाची जागा स्प्रिंगच्या गुरुत्वमापकाने घेतली होती, आणि जीपमधून नेऊन दिवसात बऱ्याच ठिकाणी ठेवता येईल असे ते यंत्र होते. एम. एन. कुरेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 मध्ये गोदावरी खचदरीच्या गुरुत्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसलेले चित्र असे, की दरीच्या मध्यावर गुरुत्व कमी आणि दोन्ही खांद्यांवर आजूबाजूपेक्षा जास्त. मधली घट समजायला सोपी आहे. कोळशासोबतचा गोंडवनी वालुकाश्म हा खालच्या स्फटिकी खडकापेक्षा हलका असतो. दोघांच्या घनतेत घन सेंटिमीटरला 0.3 ग्रॅमचा फरक धरला आणि गाळाची जाडी 3 किलोमीटर धरली, तर गुरुत्व सुमारे 38 मिलिगॅलने कमी भरायला हवे. एकूण गुरुत्व साधारण 9 लाख 80 हजार मिलिगॅल असते, त्यात एवढा फरक शोधायचा. खांद्यांवरची वाढ मात्र गाळाने समजावता येत नाही. तिथे गाळ नाही म्हणून गुरुत्व फार तर नेहमीइतके असावे. ते नेहमीपेक्षा जास्त असेल, तर तिथला खडकच नेहमीपेक्षा जड असला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप प्रॅट-एअरींच्या काळापासूनचा आहे. 38 मिलिगॅलची घट जशी 3 किलोमीटर गाळाने येते, तशीच कवचाचा तळ सव्वादोन किलोमीटरच्या आसपास खाली गेल्यानेही येऊ शकते, कारण कवच आणि त्याखालचे प्रावरण यांच्या घनतेत 0.4 चा फरक धरता येतो. मग गाळ की तळ, हे गुरुत्वाने कसे ठरवायचे? आक्षेप खरा आहे, पण तो वाटतो तेवढा मोकाट नाही. उथळ कारणाची खूण अरुंद आणि कडेला तीव्र उताराची असते, तर खोल कारणाची खूण शेकडो किलोमीटर पसरलेली आणि मंद. प्राणहिता-गोदावरी पट्ट्यात घट आणि वाढ दोन्ही दरीच्या कडांना धरून आहेत, त्यामुळे त्यांचे मुख्य कारण कवचाच्या वरच्या भागात शोधावे लागते. शिवाय कोळशासाठी घेतलेल्या भोकांमुळे गाळाची घनता आणि वरच्या थरांची जाडी अंदाजावर राहत नाही. गुरुत्व एकटे असताना ते अनेक चित्रांना हो म्हणते. सोबतीला दुसरे माप आले, की त्यातली बरीचशी चित्रे बाद होतात.

दुसरे माप भूकंपलहरींचे. झाग्रेबच्या आंद्रिया मोहोरोविचिच यांनी 1909 च्या भूकंपाच्या नोंदींवरून दाखवले होते, की काही खोलीवर लहरींचा वेग एकदम वाढतो. कवचात तो सेकंदाला 6 ते 7 किलोमीटर असतो, त्याखाली 8 च्या आसपास जातो. तीच कवचाच्या तळाची सीमा. हैदराबादच्या संस्थेने सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या साहाय्याने 1972 मध्ये कावली ते उडुपी असा पहिला खोल भूकंपीय छेद घेतला. जमिनीत भोके पाडून स्फोट करायचे आणि शेकडो किलोमीटर मांडलेल्या ग्राहकांवर लहरी टिपायच्या, अशी ती पद्धत. पुढे कोयना, नर्मदा-सोन, खजुरियाकलान ते पुलगाव, मुंगवानी ते राजनांदगाव आणि गोदावरीच्या खालच्या अंगाला कल्लूर-पोलावरम असे छेद झाले. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ भोक पाडून का पाहू नये, असे कोणी विचारेल. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर अनेक वर्षे खोदून जगातले सर्वांत खोल भोक 12,262 मीटरवर थांबले, आणि कोयनेजवळ गोठण्याला घेतलेले भोक 3 किलोमीटरचे आहे. चाळीस किलोमीटरचे कवच खोदून पाहणे माणसाच्या आवाक्यात नाही. तेव्हा लहरींना पर्याय नाही. मुंगवानी-राजनांदगाव छेदाने बस्तर खंडाच्या उत्तर कडेवरचा सांधा ओलांडला, आणि सांध्याच्या दोन बाजूंना खोल थरांवरून येणाऱ्या परावर्तनांची ठेवण निराळी दिसली. दोन प्राचीन खंड जोडले गेले असतील तर खोलवर त्याचा माग राहतो, हे बस्तरच्याच एका कडेवर दिसले आहे. मग दुसऱ्या, नैर्ऋत्य कडेवर तसाच माग असू शकतो, हे म्हणणे हवेतले ठरत नाही.

तिसरा पुरावा खडकांनी दिला, आणि इथे पायी हिंडणारे भूशास्त्रज्ञ व यंत्रवाले एकमेकांना भेटतात. दरीच्या नैर्ऋत्य खांद्यावर करीमनगरला आणि ईशान्य खांद्यावर, सिरोंच्यापलीकडे इंद्रावती ओलांडली की भोपालपट्टणमला, ग्रॅन्युलाइट नावाचे खडक उघडे पडले आहेत. हे खडक साधारण वीस ते तीस किलोमीटर खोलीवर, सातशे-आठशे अंश उष्णतेत भाजून तयार होतात आणि साध्या ग्रॅनाइटपेक्षा जड असतात. गुरुत्वमापकाने खांद्यांवर जो जडपणा टिपला, त्याला पटणारे कारण इथे जमिनीवरच हाती येते. यावर दुसरा आक्षेप असा, की खचदरी उघडताना तिचे खांदे वर उचलले जातातच, मग खालचे खडक उघडे पडले यात नवल काय? पण खचदरीचे खांदे उचलले जातात ते किलोमीटर-दोन किलोमीटरने. वीस किलोमीटर खालचा खडक तेवढ्याने वर येत नाही. त्याला खंडांच्या टकरीसारखी मोठी घडामोड लागते. तिसरा आक्षेप याहून बारीक आहे. करीमनगरच्या खडकांची वये 250 कोटी वर्षांच्या आसपास निघतात, तर भोपालपट्टणमची 200 कोटींहून अलीकडची. टक्कर एकच असेल तर दोन्हीकडे एकच वय नको का? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यामुळे जोडणी नेमकी कधी झाली हा प्रश्न खुला राहतो. पण हाच आक्षेप उलटूनही वाचता येतो. अखंड असलेला एकच जुना पट्टा पुढे दरीने नुसता मधोमध चिरला असता, तर दोन्ही खांद्यांचा इतिहास एक असता. तो एक नाही, म्हणजे दरीच्या दोन्ही अंगांना दोन वेगळे संसार नांदले आहेत. दल्ली-राजहराजवळच्या ग्रॅनाइटचे वय सुमारे 358 कोटी वर्षे ठरले आहे, त्यावरून बस्तर खंडाचे स्वतंत्र म्हातारपण लक्षात यावे.

सांधा एकदाच उघडला असता तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. गडचांदूर, आवारपूर या भागातले सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर चालतात, ती पैनगंगा गटाची चुनखडी कोळशाहून कितीतरी जुनी आहे. कोळसा साधारण 28 कोटी वर्षांपूर्वीचा, तर ही चुनखडी शंभर कोटींच्या मागची. तीही याच वायव्य-आग्नेय पट्ट्यात, आधीच झिजलेल्या ग्रॅनाइटी जमिनीवर बसलेली आहे. म्हणजे कोळशाच्या जंगलांआधी कोट्यवधी वर्षे इथे समुद्राचे पाणी शिरण्याइतका खोलगटपणा तयार झाला होता. तो भरला, थिजला, आणि दीर्घ काळाने त्याच रेघेवर दुसऱ्यांदा जमीन खचून गोंडवनी नद्यांचा गाळ साठला. राजुरा-कोरपना भागात चुनखडीच्या खाणी आणि कोळशाच्या खाणी शेजारीशेजारी दिसतात. एकाच जिल्ह्यात दोन धंदे आहेत, एवढेच आपल्याला ते वाटते. खरे तर एकाच रेघेची दोन उघडणी तिथे शेजारी पडली आहेत. ताण कुठूनही आला तरी कवच जिथे आधीचे कच्चे, तिथेच फाटते, हे तत्त्व मानले तर या पुनरावृत्तीला सांध्याएवढे सरळ स्पष्टीकरण दुसरे नाही.

किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर द्वीपकल्पात नव्या पद्धतीची भूकंपमापके वाढली, आणि त्यामुळे स्फोट न करताही कवच मोजता येऊ लागले. दूरच्या भूकंपाची मुख्य लहर खालून कवचाच्या तळाशी आदळते, तेव्हा तिचा थोडा भाग सावकाश चालणाऱ्या आडव्या लहरीत बदलतो आणि मागाहून वर पोचतो. हा उशीर साडेचार सेकंदांच्या आसपास असेल, तर तळ अदमासे 37 किलोमीटरवर आहे असे धरता येते. याच मार्गाने पूर्व धारवाडचे कवच 35 किलोमीटरच्या आसपास आणि पश्चिम धारवाडचे 50 च्या आसपास जाड असल्याचे कळले. एका खंडाच्या पोटातही एवढी तफावत आहे. 2007 मध्ये प्रकाश कुमार आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये त्याहून खोल जाणारा निष्कर्ष मांडला, की भारतीय शिलावरणाची, म्हणजे कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा कठीण भाग यांची मिळून, जाडी सुमारे 100 किलोमीटरच आहे आणि म्हणूनच भारत इतक्या वेगाने उत्तरेकडे सरकला. यावर वैरागड आठवल्याशिवाय राहत नाही. आरमोरी तालुक्यातल्या या गावच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. हिरा तयार व्हायला साधारण 150 किलोमीटरची खोली आणि तिथे जुने, थंड, जाड मूळ लागते. मग 100 किलोमीटरच्या शिलावरणातून हिरे आले कसे? छत्तीसगडमधल्या मैनपूरच्या हिरे वाहणाऱ्या खडकांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे निघते, म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हाचे. हिरा भूतकाळाची साक्ष देतो आणि लहर आजची, त्यामुळे दोन्ही खरी असू शकतात. अर्थ एवढाच, की प्राचीन म्हणून कायम, असे या खंडांबद्दल गृहीत धरता येत नाही.

ते कायम नाहीत याची आठवण खोरे अधूनमधून देते. 13 एप्रिल 1969 रोजी भद्राचलमला पाचाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. 4 डिसेंबर 2024 च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगू भागात 5.3 तीव्रतेचा धक्का बसला आणि तो सिरोंचा, गडचिरोली, चंद्रपूरपर्यंत जाणवला. दोन्ही याच पट्ट्यातले. यावरून कोणी लगेच सांधा सिद्ध झाला म्हणेल, तर ते घाईचे होईल. किल्लारीचा भूकंप कुठल्याही उघड खचदरीत झालेला नव्हता, आणि दोन धक्क्यांवरून नियम बसत नाही. भूकंप एवढेच सांगतात, की ताण येतो तेव्हा ही रेघ अजूनही हालचाल करू शकते. सांध्याचा दावा त्यांच्यावर उभा नाही. तो उभा आहे खांद्यांवरच्या जड गुरुत्वावर, खोल भाजलेल्या खडकांवर, दोन्ही बाजूंच्या वेगळ्या वयांवर आणि एकाच रेघेवर दोनदा साठलेल्या गाळावर. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी दुसऱ्या कारणानेही समजावता येते, पण चारही एकत्र समजावणारे दुसरे कारण आजवर पुढे आलेले नाही.

शेवटचा आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप मोजणीच्या जागांचा आहे. परिचित भूकंपीय छेद चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या बाजूंनी गेले आहेत. एक उत्तरेला पुलगावशी थांबतो, दुसरा ईशान्येला राजनांदगावशी, तिसरा थेट दक्षिणेला गोदावरीच्या उतरणीवर आहे. मधल्या घनदाट रानाबद्दल आपण बोलतो ते बरेचसे कडांवरून. विमानातून घेतलेली चुंबकीय मापने ही पोकळी काही अंशी भरतात, आणि 2017 पासून देशभर हवाई भूभौतिक मापनाचा कार्यक्रमही चालू झाला. पण चुंबकत्व खोलवर पोचत नाही. 580 अंशांपुढे मॅग्नेटाइट आपले चुंबकत्व गमावतो, त्यामुळे त्याहून उष्ण खोलीवरचा खडक या मापनात दिसत नाही. खरी कसोटी लहरींचीच. आसिफाबादहून अहेरीमार्गे भामरागडपर्यंत, सरळ रेषेत सुमारे 140 किलोमीटरचा एक परावर्तन छेद प्राणहिता ओलांडून घेतला, तर या लेखाचा दावा टिकतो की पडतो हे कळेल. दरीच्या दोन बाजूंना खोल थरांची ठेवण निराळी निघाली, मुंगवानी-राजनांदगावसारखी, तर सांधा पक्का. एकच ठेवण इकडून तिकडे अखंड गेली, तर दोन खंडांची ही मांडणी सोडून द्यावी लागेल आणि खांद्यांवरच्या ग्रॅन्युलाइटांना दुसरे कारण शोधावे लागेल. सुरजागडच्या लोखंडासाठी आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळशासाठी पहिल्या काहीशे मीटरांत पैसा ओतला जातो. तो ओतणाऱ्यांना खालच्या चाळीस किलोमीटरांशी देणेघेणे नाही, हे उघड आहे. पण खनिजाचे पट्टे कुठे तुटतात, कोळशाचे थर कुठे खचतात आणि धक्का बसला तर कुठे बसेल, या तिन्ही प्रश्नांची मुळे त्याच चाळीस किलोमीटरांत असतील, तर तो छेद घेणे खाणीच्या हिशेबातही परवडणारे आहे.